विमानाला मी जामीन राहिलो

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. चहा हातात असताना सांगितलं तर तुम्हाला ठसका लागेल आणि त्याचाही दोष माझ्यावर येईल. आता बघा, माणूस भावाला जामीन राहतो, मित्राला राहतो, फार तर मेव्हण्याला राहतो. मी कोणाला राहिलो असेन? एका जेट विमानाला. तेही घाटंजीत बसून, जन्मात एकदाही विमान जवळून न पाहता.

एकोणसाठ-साठचा सुमार असेल. बाजारओळीत माझं शिलाईचं दुकान होतं. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. दिवसभर लोक ‘मास्तर, मास्तर’ करायला लागले की आपल्यालाही शिकवायची हुक्की येते. त्यात माझ्या दुकानात वर्तमानपत्र यायचं. कापड बेतता बेतता मी जगाला अक्कल वाटायचो.

तेव्हा एका विलायती जेट विमानाची फार चर्चा होती. माणसं घेऊन उडणारं, भलतंच वेगवान. पण त्यातली काही हवेतच फुटली, माणसं गेली, आणि ते उडणंच बंद झालं. काही वर्षं नुसतं उभं. मग जाणकारांनी शोधून काढलं की वर गेल्यावर आतली कोंडलेली हवा पत्र्याला ताण देते, आणि खिडक्यांच्या चौकोनी कोपऱ्यांपाशी पत्रा चिरतो. आता गोल खिडक्या लावून, पत्रा जाड करून ते पुन्हा प्रवासी नेऊ लागलं होतं.

ही बातमी वाचून मला जो आनंद झाला तो त्या विमानाच्या मालकालाही झाला नसेल. कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. कापड नेहमी कोपऱ्यातूनच फाटतं. खिशाचा कोपरा, झब्ब्याची बाजूची चीर, सगळं तिथूनच जातं. म्हणून तिथे आडवे टाके मारायचे असतात. साहेबांना जे इतकी वर्षं कळलं नाही ते घाटंजीच्या शिंप्याला कळत होतं, हे मी गिऱ्हाइकांना सांगितलं. मग गिऱ्हाइकं नव्हती त्यांनाही सांगितलं.

अशात एक दिवस अनसाबाई दुकानात आल्या. त्या कापसाच्या जिनात कामाला होत्या. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, नवरा वारलेला, आणि एकुलता एक मुलगा मधुकर. पोरगा इतका हुशार की त्याला विलायतेला शिकायला शिष्यवृत्ती मिळाली होती. आख्ख्या गावाला त्याचं अप्रूप. त्याचा सूट माझ्याकडे शिवायला होता, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिलाच सूट होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

“जयभीम मास्तर,” म्हणाल्या. “पोराचं तिकीट आलं. तुमी वाचून राह्यले होते ना, ते बंद पडलेलं विमान? त्याचंच हाय.”

“मंग? नशीबवान हाय पोरगा.”

“मी नाही जाऊ देत त्यात. बोटीनं जा म्हणतो त्याले, तर म्हणते बोटीनं शाळा सुरू झाल्यावर पोचीन, जागा जाईन.”

“अहो, सुधरवलं आता ते.”

“कोणं सांगतलं?”

“पेपरात आलं.”

“पेपरवाला बसला काय त्यात?” बाईंनी पदर खोचला. “मास्तर, बिमार बैल बरा झाला म्हणून कोणी बाजारात आणला, तर आपण त्याच्या बोलण्यावर घेतो काय? म्हणतो, आधी जुपून दाखव. त्या विमानाच्या मालकानं आपल्या मायले बसवलं काय त्यात?”

मी हसलो. हे हसणं मला पुढे फार महागात पडलं, तेव्हा लक्षात ठेवा. हसत हसत मी मांजरपाटाचे दोन तुकडे घेतले. एकात चौकोनी भोक पाडलं, दुसऱ्यात गोल. चौकोनी ओढलं, कोपऱ्यातून टर्रकन फाटलं. गोल ओढलं, टिकलं.

अनसाबाईंना असं काही दाखवलं की त्या नुसतं पाहून गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, स्वतः ओढून पाहिला, उजेडात धरला, पुन्हा ओढला. वर जाताना आतली हवा कोठून येते, पंख कोणी हलवते काय, ढगात वाट कशी दिसते, सगळं विचारलं. मला जे येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं ते जास्त जोरात सांगितलं.

“मंग तुमी बसान काय त्यात?”

“मी? डोळे मिटून बसीन.”

“डोळे कायले मिटता? उघडे ठेवून बसा ना.”

“तशी म्हणायची रीत हाय, बाई.”

“म्हणजे तुमी जामीन?”

“मी जामीन.”

आईच्या मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या मधुकरचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, त्याला विलायतेला मीच पाठवतोय.

झालं. इथवर मी हुशार होतो. मग जत्रा भरली.

जत्रेत दरवर्षी एक लाकडी आकाशपाळणा यायचा, माणसांनी हातानं फिरवायचा. आदल्या वर्षी त्याची बसायची एक पेटी कडीतून निसटून खाली आली होती. नशिबानं आत माणूस नव्हता, बत्ताशांची टोपली होती. पाळणा तेव्हाच बंद झाला. यंदा पाळणेवाला तो दुरुस्त करून घेऊन आला होता. नव्या कड्या, लोखंडी पट्ट्या, वर ताजा हिरवा रंग. पण चढायला कुत्रं तयार नव्हतं. लोक गोल करून उभे, मान वर करून पाहायचे आणि शेव खायचे.

मी तिथून पाठ फिरवून चाललो होतो, तेवढ्यात हाक आली.

“मास्तर, अवो जामीन मास्तर!”

अनसाबाई. सोबत मधुकर.

“हा बी बंद पडला होता, हा बी सुधरून आला,” बाई म्हणाल्या. “बसा बरं यात.”

“याचा न विमानाचा काय संबंध?”

“तुमी ज्यात बसायले तयार होते, ते आभायात उडते. हा तर जमिनीत गाडला हाय.”

आता यातून सुटायचं कसं? तुम्ही सांगा. मी म्हणालो, आधी तपासतो. पाळण्याभोवती फिरलो, कड्या हलवल्या, पट्ट्या ठोकल्या. शिंप्याला लोखंडातलं काय कळतं? शेवटी पाळणेवाल्याला दरडावलं, “क्यों भाई, तुम खुद बैठे क्या इसमें?”

“मैं बैठूँगा तो घुमाएगा कौन?”

“घर का कोई बैठा? तुम्हारी माँ?”

हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. अनसाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

“मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या, “हेच मी विमानाचं इचारलं, तवा तुमी हसले होते.”

लोक हसले. मधुकर हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “चाल बाबू. जामीनच भेते, तर मी कोणाच्या भरोशावर धाडू तुले?” त्या खरोखरच निघाल्या. मला आतून लाज वाटली. माझ्या फुशारकीपायी पोराचं शिक्षण जाणार होतं.

“थांबा,” मी म्हणालो. “बसतो.”

“मी बी येतो संगं,” म्हणत बाईही माझ्यासमोर येऊन बसल्या.

पाळणा उठला तसे मी डोळे मिटले. शब्दाला जागलो म्हणा. आता तुम्ही म्हणाल, एक फेरा झाला की उतरायचं. मीही तेच म्हणत होतो. पण आम्ही वर पोचलो आणि पाळणा थांबला. का? तर मास्तर बसले हे पाहून लोकांचा भरवसा बसला. खालच्या पेटीत माणसं चढत होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर खाली रांग लागली होती. एक पेटी भरली की पाळणा जरासा सरकायचा आणि पुन्हा थांबायचा. भरवसा मी निर्माण केला आणि लोंबकळत मीच राहिलो.

“मास्तर, डोळे उघडा न. ते पाहा जिनाचं धुराडं. अन् ती नदी. अगाई, केवढीशी दिसून राह्यली,” बाई पेटीच्या काठावरून वाकून पाहत होत्या.

“वाकू नका, बाई.”

“ते तुमचं दुकान. वरून तर काड्याच्या डब्बीएवढं हाय.”

मग पाळणा एकदाचा फिरायला लागला आणि माझी बोंब सुरू झाली. मला उतरवा, म्हणालो. पोराबाळांचा माणूस आहे, म्हणालो. विमानाचं मी काहीच पाहिलेलं नाही, सगळं पेपरातलं आहे, असंही म्हणालो म्हणे. मला आठवत नाही, पण गावाला आठवतं.

पाळणा पुरता थांबायच्या आत मी उडी मारली. खिसा पेटीच्या कडीत अडकला. मी खाली, खिसा वर, आणि मधल्या पायजम्याचं जे व्हायचं ते झालं. खिशाच्या कोपऱ्यापासून थेट गुडघ्यापर्यंत. पायजमा माझ्याच हातचा. आडवे टाके? दिव्याखाली अंधार असतो, दुसरं काय. स्वतःच्या पायजम्याला कोण टाके मारत बसतो?

अनसाबाई शांतपणे उतरल्या. बाजाराची पिशवी मला गुंडाळायला दिली. मग मधुकरच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“जाय बाबू त्याच विमानातून. बंद पडलेलं सुधरते, मी सोता बसून पाह्यलं. वरून लय दूरवर दिसते रे. डोळे उघडे ठेवजो.”

मलाही भरून आलं. पिशवी सावरत मी म्हणालो, “पाहा बाई, राह्यलो का नाही मी जामीन?”

बाईंनी एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा खिशाकडे.

“विमानाची फिकीर गेली, मास्तर. आता सुटाची लागली. तो बी तुमच्याच हातचा हाय ना? चला दुकानात. आधी जुपून दाखवा.”

मग काय, विलायतेचा सूट अंगात घालून, माझ्या पोटासकट, भर बाजारओळीत मी उठाबशा काढल्या. निम्मी जत्रा पाळणा सोडून माझ्या दुकानासमोर आली होती. सूट टिकला. बाईंनी शिवण न् शिवण ओढून पाहिली आणि मगच घरी नेला. विमानही टिकलं, मधुकर वेळेवर पोचला, शिकून मोठा झाला.

मी मात्र पुढे दुकान होतं तोवर सुटलो नाही. कोणी साधी चड्डी न्यायला आला तरी आधी बाकावर बसायचा, पाय लांब करायचा आणि म्हणायचा, “हं मास्तर, घालून बसून दाखवा.”