दाजींचा कान

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या सगळ्या मुलखात यंत्राचं गाऱ्हाणं आमच्या दाजींइतकं मन लावून ऐकणारा माणूस दुसरा नसेल, आणि माणसांचं गाऱ्हाणं त्यांच्याइतकं कमी ऐकणाराही दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहायला बेळगुंदीत, घरची रताळ्याची शेती, आणि उभी नोकरी उद्यमबागेत, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात. तयार झालेल्या गिअरच्या जोड्या एकमेकींत फिरवायच्या आणि त्यांचा आवाज ऐकून पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ऐकायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी कुणाची तरी जुनी फोर-व्हील जीप घेतली. पावसाळ्यात शेताकडं चिखल होतो, चार चाकांना जोर असलेली गाडीच लागते, असं त्यांनी आक्काला पटवलं. मला विचाराल तर इतक्या तऱ्हेचे आवाज एका जागी मिळतील अशी दुसरी वस्तू त्यांना सापडली नसावी.

मी हिंडलग्याला राहतो आणि बेळगावात एका कचेरीत कारकुनी करतो. आठवडाभर कानडीतले अर्ज, मराठीतल्या तक्रारी आणि इंग्रजीतले शेरे वाचून रविवारी सकाळी माणसानं नुसतं छताकडं बघत पडून राहावं, एवढीच माझी इच्छा असते. पण सकाळचा चहा संपायच्या आत जीप दारात येऊन उभी राहायची. दाजी आत यायचे नाहीत. फाटकातूनच म्हणायचे, "पावणं, जरा चालवतासा काय? मी ऐकतो."

हे 'जरा' जेवणवेळेपर्यंत चालायचं. वेग वीसच्या वर न्यायचा नाही. "आता पाय दाबा. आता सोडा. पुन्ना दाबा. आता डावीकडं वळवा, सावकाश!" पाय दाबल्यावर आवाज आला तर एक रोग, सोडल्यावर आला तर दुसरा, वळणावर आला तर तिसरा, आणि सगळीकडं सारखाच येत असेल तर बहुधा टायर. गाडी उचलताना एकदाच 'कट्ट' वाजलं तर इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या लांब दांड्याचा सांधा सैल झालाय. हे सगळं मला पाठ झालं. तेही हौसेनं नाही, कचेरीतले नियम पाठ होतात तसं.

पुढच्या सीटवरून नीट ऐकू येत नाही म्हणून दाजी मागं घोंगडं अंथरून पालथे झोपायचे आणि पत्र्याला कान लावायचे. उंच माणूस, त्यामुळं पाय गुडघ्यापासून बाहेर. एकदा हिंडलग्याच्या रस्त्यावर एका पोलिसानं आम्हाला थांबवलं. त्या पायांकडं बघून त्याचा चेहरा गंभीर झाला. "यार्री इवरु?" त्यानं विचारलं. कोण हे, म्हणजे माझे कोण, हे मी कानडीत सांगायच्या आत मागून आवाज आला, "पावणं, गाडी बंद करू नगासा! आत्ता कुठं आलाय आवाज!" प्रेत बोललं असावं तसा तो पोलीस दोन पावलं मागं सरला. मग दाजी उठून बसले, त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी त्या बिचाऱ्यानं आपल्या मोटारसायकलची साखळी कशी वाजते ते दाखवायला आम्हाला पाऊण तास तिथं उभं केलं. उन्हात. रविवारी.

रोगाचं नाव ठरल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. गॅरेजवाले अंदाजानं एकेक भाग बदलत जातात, त्याचा त्यांना भयंकर राग. "इचारल्याशिवाय कापायचं म्हंजे डाक्टर न्हवं, खाटीक," असं म्हणत. ही शिस्त ते माणसांनाही लावायचे. आक्काचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "चढताना दुखतंय का उतरताना?" आक्का म्हणाली, "बसल्यावर बी दुखतंय." दाजी विचारात पडले. बसल्या जागी वाजणारा दोष त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. "मग ह्ये गिअरचं न्हवं," एवढं सांगून ते बाहेर गेले. आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ रं. तीस वर्सं मी आसंच काढलंय."

पण माणूस कामाचा होता, हे कबूल करायला हवं. एका पावसाळ्यात शेतातून रताळी भरून येताना त्यांनी पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला, चिखलातून गाडी झकास निघाली, आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर तो दांडा काही केल्या सुटेना. स्टिअरिंग दगडासारखं जड. गिअरबॉक्सच्या मागं एक पेटी असते, जी ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देते. उद्यमबागेतल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, ही पेटीच उघडायला पाहिजे. दुसरा म्हणाला, दोन चाकं जोडणारा पुढचा आख्खा धुरा काढा. दाजी दोघांचं ऐकून घरी आले आणि आक्काकडं सुतळी मागितली. चारी टायरांना वेढा देऊन त्यांनी माप घेतलं, दोनदा, मग मला घ्यायला लावलं. पुढचे टायर झिजून मागच्यांपेक्षा दोन बोटं कमी भरले.

"बघा," ते म्हणाले, "ल्हान चाकाला तेवढ्याच वाटंला जास्त फिराय लागतंय. चिखलात घसरून भागतंय. डांबरावर घसरता येत न्हाय. मग पुढचं वडतंय, मागचं वडतंय, आन् मधी पेटी आवळून बसत्या. आता धा-बारा पावलं गाडी मागं घ्या."

मी घेतली. खाली कुठंतरी 'ढप्प' असं झालं आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला. पेटी उघडली नाही, धुरा काढला नाही, फक्त टायर बदलले. त्या दिवशी दाजी इतके खूश होते की त्यांनी आक्काला आपण होऊन विचारलं, "गुडगं कसं हाय?"

गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र त्यांनी एक नवी खोड काढली होती. मागं झोपायचं सोडून ते पुढं माझ्या शेजारी बसायला लागले, आणि आवाज स्वतः सांगायच्या ऐवजी मला विचारायला लागले. "आदी तुमी सांगा, काय ऐकू येतंय?" मी म्हणायचो, "काहीतरी घूं होतंय." "जाड घूं का बारीक घूं?" "बारीक." "पाय सोडल्यावर वाढतंय का?" मला हा परीक्षेचा जाच वाटायचा. या वयात मला गिअर तपासनीस करून यांना काय मिळणार आहे, असं मनात यायचं. कितीदा तर लवकर सुटका व्हावी म्हणून मी नीट न ऐकताच ठोकून द्यायचो, "काही नाही दाजी, गाडी छान चाललीय." ते मान डोलवायचे. एवढ्यावर सोडतात याचं मला नवल वाटायचं, पण फार विचार मी केला नाही. घरी जायला मिळत होतं.

मग निपाणीला दाजींच्या बहिणीकडं वास्तुशांत निघाली. बसनं जाऊ म्हटलं तर दाजी ऐकायला तयार नाहीत. मी गाडीवर, शेजारी दाजी, मागं आक्का आणि आहेराची पिशवी. संकेश्वर मागं पडलं, तवंदी घाट उतरायला लागलो. मी पाय सोडला, आणि मागून आवाज आला. किंकाळीसारखा, बारीक आणि लांबलचक. पाय दाबला की थांबायचा, सोडला की पुन्हा. मी दाजींकडं बघितलं. ते खिडकीतून डोंगर बघत होते.

"दाजी, हा आवाज?"

"कुठला?"

"हा काय! पाय सोडल्यावर येतोय तो."

त्यांनी मान तिरकी केली. मग म्हणाले, "काय न्हाय. वारा आसंल."

मागून आक्का म्हणाली, "अवो, वारा कसला? मला बी ऐकू येतंय की. कानात सुई घातल्यागत."

दाजींनी वाकून पायाशी पत्र्यावर तळहात टेकला आणि तसाच ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाजूला घ्या." गाडी थांबल्यावर ते खाली उतरले, मागं गेले, दोन चाकांच्या मधल्या धुऱ्याच्या गोळ्याला त्यांनी हात लावला आणि चटका बसून ओढून घेतला. खाली तेल ठिबकत होतं. बराच काळ ठिबकत असावं, कारण गोळ्यावर धुळीचा जाड थर चिकटला होता. आतलं बेअरिंग कोरडं पडून गेलं होतं. उतारावर ते आवळून बसलं असतं तर मागची चाकं जागीच अडली असती, आणि एका बाजूला दरी होती.

दाजी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. ऊन चांगलंच होतं. मी शेजारी बसलो. आक्का गाडीतून उतरली नाही.

"किती दिस वाजत आसंल ह्ये?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, असंही नाही.

मला आठवत होतं. निदान दोन महिने तरी तो बारीक घूं येत होता, आणि मी म्हणत होतो, गाडी छान चाललीय. ते माझी परीक्षा घेत नव्हते. मी त्यांचा कान होतो, आणि तो कान त्यांना खोटं सांगत आला होता.

"दाजी, चुकलं माझं," मी म्हटलं. "मला येत होता ऐकू. घरी जायची घाई असायची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "तुमची काय चूक? मी सांगाय पायजे हुतं. कारखान्यात न्हेमी म्हणायचं सगळी, कानात बोळं घाला. बोळं घातल्यावर गिअर कसा ऐकायचा?"

एका टेंपोवाल्यानं आम्हाला निपाणीत पोचवलं. वास्तुशांतीत दाजी कुणाशी बोलले नाहीत, पण ते नेहमीचंच असल्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. परत आल्यावर आक्कानं मला सांगितलं की कुकरची शिट्टी, फोनची घंटी, नातीची हाक, यांतलं काही त्यांना वर्षभरापासून ऐकू येत नव्हतं. तिला माहीत होतं. त्यांना माहीत होतं. "मी म्हटलं, सांगतील कवातरी," ती म्हणाली. "बापय माणूस, कान म्हंजे त्येंची इज्जत."

जीप दुरुस्त झाली, आणि मी दाजींना बेळगावात कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावायला दिले आणि आवाज आला की बटन दाबा म्हणून सांगितलं. दाजींनी पहिल्यांदा बटन दाबलंच नाही. काचेबाहेर मशीन चालवणाऱ्या बाईंना म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीनचा पंखा घासतोय." बाईंनी तपासलं, खरोखरच घासत होता. त्या हसल्या. जाड आवाज दाजींनी एकूणएक पकडले. नंतर बारीक आवाज सुरू झाले, आणि बटनावर ठेवलेला त्यांचा अंगठा हललाच नाही. काचेबाहेर उभा राहून मी त्या अंगठ्याकडं बघत होतो.

कानातलं यंत्र आलं त्या रविवारी दाजींनी मला बोलावलं नाही. मीच बेळगुंदीला गेलो. जीप अंगणात होती. ते यंत्र लावून आत बसले, चावी फिरवली, आणि दचकले. अर्धा मिनिट त्यांनी ती धडधड, खडखड, किणकिण सगळी एकदम ऐकली आणि इंजिन बंद केलं.

"पावणं, ही आशी वाजत्या?"

"होय दाजी."

"आन् तुमी येवडी वर्सं हिला गप बसून चालवत हुतासा?"

मला हसू आलं. "सवय झाली," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, शेताकडं जाऊन येऊ. या वेळी गाडी त्यांनी चालवली. इतक्या वर्षांत शेजारच्या सीटवर मी पहिल्यांदाच निवांत बसलो होतो. रताळ्याच्या शेतांच्या कडेनं आम्ही गेलो, बांधावर थोडं थांबलो आणि परत फिरलो. चढ लागला तसं खाली कुठंतरी एकदा 'कट्ट' झालं. लांब दांड्याचा सांधा. मी त्यांच्याकडं बघितलं.

"आला मला बी," दाजी म्हणाले. त्यांचा पाय दाबलेलाच होता. "ऱ्हाऊ दे. घरापतुर जाऊ तसंच."

आणि आम्ही तसेच गेलो.