वैशालीची वेणी आणि आमची कारणं

रविवार, २३ नोव्हेंबर. बर्मिंगहॅमला सकाळपासून भुरभुर पाऊस, वारा नाही.

केसांच्या गोष्टी केसांसारख्याच. कितीही झाडा, कोपऱ्यात साठतातच. आम्ही चौघी रविवारी माझ्याकडे जमून एकमेकींना तेल लावतो, त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा. वैशालीच्या माथ्यावरचे केस का गळतात, याचा शोध घेतानाच यातले बरेचसे किस्से घडले.

* * *

वैशाली आधी बेसिंगस्टोकला होती. तिथे किटली आतून पांढरी व्हायची. "पाणीच जड गं!" म्हणत तिने शॉवरला फिल्टर बसवला. मग नोकरी बदलून इकडे आली. इथलं पाणी हलकं. केस गळतच राहिले.

"आता कुणाला दोष देऊ?"

शोभा म्हणाली, "नवऱ्याला! तो दोन्हीकडे होता."

* * *

शोभाचं स्वतःचं वेगळंच. मुलीच्या ग्रॅज्युएशनला बारीक दिसायचं म्हणून तिने जेवण जवळजवळ सोडलं. दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायला लागले. रक्त तपासलं तर लोह अगदी तळाला.

"वजन उतरलं का पण?"

"उतरलं ना, डोक्यावरचं!"

गोळ्यांनी तिचे केस परत आले. तेव्हापासून ती वैशालीला खजूर आणून द्यायची. वैशालीचं लोह मात्र व्यवस्थित निघालं.

* * *

नीलिमाताई भूल देणाऱ्या डॉक्टर, आता रिटायर्ड. जन्मभर थिएटरच्या टोपीखाली घट्ट अंबाडा. कानशिलांवरचे केस ओढले जाऊन गेले ते गेलेच.

"माझे सगळे पेशंट शुद्धीवर आले, केस नाही आले!"

त्यांनी वैशालीला वेणी सैल घालायला लावली.

* * *

कांद्याचा रस हा माझा सल्ला. तो लावून वैशाली ट्रेनने ऑफिसला गेली. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला.

"मग काय, मी पाय पसरून बसले!" ती हसत म्हणाली. मग हळूच, "पण माथ्यावर आग फार होते गं. कांद्याच्या आधीपासून होते."

"मुरतंय ते," आम्ही म्हणालो आणि तेल जास्त चोळलं.

* * *

एका रविवारी तेल लावताना तिच्या भांगाशी माझं बोट घसरलं. तिथली त्वचा काचेसारखी गुळगुळीत. नीलिमाताईंनी तेल पुसायला लावलं, चष्मा चढवून पाहिलं, आणि त्या दिवशी विनोद केला नाही.

"इथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत. स्किनच्या डॉक्टरला दाखव. तोवर चोळणं बंद."

तपासणीत कळलं, आतली सूज केसांची मुळंच मारत होती आणि मागे व्रण सोडत होती. डॉक्टर म्हणाल्या, आग सुरू झाली तेव्हाच यायला हवं होतं. आता जे आहेत ते वाचवू.

"आणि गेलेले?" वैशालीने विचारलं.

डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

* * *

आज माझ्याकडे असतानाच तिच्या आईचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. आईला तिने काहीच सांगितलेलं नाही. तिने पटकन माथ्यावर स्कार्फ ओढला.

"थंडी आहे का गं तिकडे?"

"हो आई, खूप."

"मागे वळ बघू. वेणी दाखव."

ती वळली. मागची वेणी अजून कमरेपर्यंत आहे.

"माझ्या हातच्या तेलाची आहे ती," आई म्हणाली. "लावायचं सोडू नकोस हो."

"नाही सोडत, आई."

औषधाने आग थांबली आहे. भांगाजवळचा गुळगुळीत डाग वाढलेला नाही. तिथे केस आलेले नाहीत.