गिरजाबाईने खारवलेला मासा

गिरजाबाई कामाला लागली तेव्हा आमच्या वाशीच्या बिल्डिंगमधल्या बायका कुरकुरल्या, हिला धड लादी पुसता येत नाही. खरंच येत नव्हती. शिरवण्याची आगरी बाई ती, सगळा जन्म खाडीत गेलेला. मासे धरायचे, विकायचे, उरलेले मीठ लावून सुकवायचे. पुढे कंपन्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासळी उलटी होऊन तरंगायला लागली आणि पन्नाशीला ही बाई आमच्या लाद्यांवर वाकली. पण मासळी सुकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

शहाऐंशीच्या मे महिन्यात समोरच्या ब्लॉकमधले वैशाली आणि सुधीर आठ दिवसांसाठी गावी निघाले. त्यांची अरुणा, नऊ वर्षांची, आदल्या मेमध्ये हायवेवर ट्रकखाली गेली होती. तिच्या वर्षाचे विधी करायचे होते. घरात तिचा एक गोल्डफिश उरला होता, काचेच्या पेटीत पंज्याएवढा वाढलेला. वैशाली बोलायची ती त्याच्याशीच. आमच्याशी बोलणं तिने कधीच सोडलं होतं. गिरजाबाईच्या हातात किल्ली देताना ती म्हणाली, "एवढा जपा हो."

दुसऱ्याच दिवशी बारा तास लाइट गेली. पेटीतली हवेची मोटर बंद पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई माझ्या दारात उभी, ओंजळीत मासा.

"मेला, बाय. आता बाईंना काय दावू?"

"कुंडीत पुरून टाक," मी म्हटलं.

"नाय. त्यांच्या पोरीचा हाय. त्यांनी बघल्याबिगर कसा पुरू? पन म्हैना मेचा, सांजपर्यंत वास सुटंल."

मग तिला जे येत होतं ते तिने केलं. माझ्याच मोरीत बसून पोटाला बारीक चीर दिली, आतलं काढलं, धुतलं, जाडं मीठ भरलं. मी रत्नागिरीची, यात मला काही वावगं दिसलं नाही. उलट मीच शहाणपणा केला. म्हटलं, चीर वाईट दिसते, शिवून टाक, आणि पांढरा दोरा ओवलेली सुई तिच्या हातात दिली. तिने सात टाके घातले, एकसारखे. शेपटी पसरून काड्या लावल्या. पाच दिवस बाकीच्या घरांची कामं बुडवून ती माझ्या गॅलरीत कावळे हाकत बसली. रंग उतरला, पण मासा अख्खा राहिला. मी तिला शाबासकीसुद्धा दिली.

वैशाली परत आली तेव्हा गिरजाबाईने तो धुतलेल्या रुमालावर ठेवून पुढे केला. "नाय वाचला, बाई. पन तुमच्यासाठी जपलाय."

वैशालीने मासा उलटा केला. टाके बघितले आणि ती तिथेच खाली बसली. तेव्हा कुठे मला आठवलं. पोस्टमॉर्टेमनंतर हॉस्पिटलातून अरुणाला आणलं ते असंच, गळ्यापासून बेंबीखालपर्यंत पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. तिला आंघोळ घालायला वैशालीबरोबर मीच होते. ही गोष्ट मी विसरले कशी? आजही माझी मलाच शिसारी येते. गिरजाबाई तर नंतर कामाला लागलेली. त्या टाक्यांचं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सुधीर मासा काढून घ्यायला वाकला. वैशालीने दिला नाही. नखाने ती एकेक टाका उसवायला लागली. सातवा सुटला तसं आतलं मीठ तिच्या साडीवर सांडलं.

"हे काय भरलंय?"

"मीठ, बाई. टिकावा म्हनून."

वैशालीने मान हलवली. मग अगदी साध्या आवाजात तिने गिरजाबाईला विचारलं, "माझ्या पोरीत काय भरलं असेल हो? तिथे कुणीच सांगितलं नाही."

गिरजाबाईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिला सगळं समजलं. ती वैशालीजवळ खाली बसली आणि साडीवरचं मीठ हाताने गोळा करू लागली.

"कापूस, बाई," ती म्हणाली. "नवा, मऊ कापूस भरत्यात." तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.