माहेरी अडकलेली बाई

दुष्काळात गावाला टँकर यायचा. हंडे रांगेत लावून आम्ही बायका दूध सोसायटीच्या ओसरीत बसायचो. दूधच नव्हतं, म्हणून ओसरी मोकळी. तिथं मी शे-दीडशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट वाचून दाखवायचे. तिच्यातली बायको नवऱ्याच्या जाचाला कंटाळून माहेरी येते. बायका अशा रंगायच्या की टँकर आला तरी कुणी हलेना. झक मारत पुरुष पाणी भरू लागले.

पुस्तकात ती चौथ्याच पानावर मुकाट सासरी परत जाते. मला ते पटलं नाही. मी तिला उन्हाळाभर माहेरीच ठेवली.

शेवटी खांद्यावरचा हंडा सावरत आमचे मालक वैतागले, "ती बाई नांदायला का म्हून जाईना?"

म्हटलं, "तिचा नवरा अजून पाणी भरायला शिकला न्हाई."