टाकळ्याची पानं

तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत मी शिकवायचे, भाड्याच्या खोलीत एकटीच राहायचे. भिंतीवरच्या तक्त्यातली पानं दाखवून मीच विटले आणि एकदा पहिलीच्या पोरांना घेऊन शाळेमागच्या माळावर गेले. तिथे पहिल्या पावसावर टाकळ्याची रानभाजी नुकतीच उगवली होती.

“तोडा, हुंगून बघा,” म्हणत मी मूठभर पानं खुडली. एकही पोर हलेना. सगळ्यांनी हात पाठीमागे धरलेले. मी चिडले, चांगली ओरडले.

शेवटी एक चिमुरडी पुढे आली. “बाई, पाड्याने अजून देवाला नवी भाजी दिली नाही. त्याआधी तोडत नसतात. तुमच्या घरी सांगायला कोणी नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

तिथे येऊन मला वर्ष होत आलं होतं. एवढ्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं.