बाहेरून लावलेलं कुलूप

कल्याणला आमच्या समोर राहणाऱ्या काकू दिवाळी जवळ आली की कोणी काही न विचारताही "झालंच हं!" म्हणत राहतात. चकली तुटली तरी त्यांच्या छातीत धडधडतं. बायकांनी सणाला एवढं का राबायचं, हे मी तावातावाने सांगू लागले की म्हणतात, "भाषण नंतर दे गं, आधी सोऱ्या धर."

यंदा पाडव्याच्या दुपारी त्यांनी माझ्या हातात कुलूप ठेवलं. "मी आत गप्प बसते. तू बाहेरून लाव. कोणी आलं तर परत जाऊ दे. चहाच्या वेळी उघड."

मी कुलूप लावलं, तोच ठाण्याहून त्यांच्या नणंदबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. काकूंना सगळ्यात जास्त धास्ती यांचीच.

"कुठे गेली गं ही?"

मला खोटं बोलवेना. "काकू आज सुट्टीवर आहेत."

"सणाची सुट्टी? बाईला?" म्हणत त्यांनी सवयीने बेल दाबली.

आतून घाबराघुबरा आवाज आला, "झालंच हं!"

नणंदबाईंनी कुलूप हातात धरून बघितलं. मग डबा माझ्याकडे देत हळूच म्हणाल्या, "उघड. मलाही आत घे, आणि पुन्हा लाव."