गजाला हात लावणारे अण्णा

कॉम्प्युटर उघडण्याआधी अण्णा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे. आमच्या चादरीच्या कारखान्यातल्या बायकांची खात्रीच पटली की गजात देव आहे. एका शुक्रवारी गजाला हळदकुंकू लागलं, मागोमाग फूलही आलं! अण्णांनी ते काढलं नाही. मला हळूच म्हणाले, "आंगातली वीज गजाला देऊन यायची बे, न्हायतर कार्ड जळतंय. पण हळद आसू दे की. कार्डाला चालती."

अण्णा जुन्या कॉम्प्युटरचे वैद्य. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी आणि कॉम्प्युटरसमोर कडकडीत मौन. त्यांचा खास हातखंडा नेटवर्क कार्डाचा. आजच्या पोरांना कार्ड काय ते सांगूनही कळायचं नाही. दोन कॉम्प्युटर वायरीनं जोडायचे तर आत एक कार्ड लागायचं. त्या कार्डाला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा नसलेला एक नंबर द्यायचा. नंबर चुकला की सगळं मुकं.

"एका नंबरावर दोन कार्डं म्हंजे एका नळावर दोन घागरी," अण्णा म्हणायचे. आठवड्यातनं एखाद्या वेळी पाणी बघणाऱ्या आमच्या गावाला आणखी काय समजावून सांगायचं! मग ते फोनच्या वायरीवरून इंटरनेट आणणाऱ्या मोडेमला एका नंबरावर ढकलत, कार्डाला दुसऱ्यावर बसवत, आणि जमलं की पडद्याला विचारत, "झालं का भांडण?"

आमच्या कारखान्यात अगदी म्हातारा झालेला एक कॉम्प्युटर होता. त्यावर चादरीची नक्षी काढायच्या अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी. एकेक चौकोन रंगवत त्या मोर उभा करायच्या. शेवटची मोराची किनार त्यांनी पुरी केली, पण ती मागावर चढायच्या आधीच त्या गेल्या. त्यानंतर अण्णा बोलावणं नसतानाही यायचे, ब्रशनं त्या कॉम्प्युटरवरची रुई झाडायचे आणि चहा न घेता जायचे.

मग कारखाना बंद व्हायची वेळ आली. मालक म्हणाले, "अण्णा, शनिवारी भंगारवाला येतोय. तुमचं काय असेल ते काढून घ्या."

अण्णांचं होतं काय? ती एक किनार. दुसऱ्या एका कारखानदारानं ती विणायचं कबूल केलं होतं. पण ती बाहेर काढायची कशी? फ्लॉपीच्या तोंडात रुई बसलेली, पेन ड्राईव्हला जागाच नाही. मी शहाणपणा केला, "डिस्कच काढून घ्या की!"

"त्याला मशीन बंद करावं लागतंय बे. डिस्क खोकायलीय. बंद झाली की उठंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

नशिबानं जुनं नेटवर्क कार्ड आत होतंच. त्याला जागं करायचं आणि वायरीतनं किनार शेजारच्या कॉम्प्युटरवर न्यायची. पण त्या कॉम्प्युटरचा स्वभाव खाष्ट सासूचा! काहीही बदललं की म्हणायचा, पुन्हा सुरू करा. आणि सुरू करायला गेलं की काळा पडदा करून बसायचा. मग बटण दाबून मारायचं आणि बटण दाबूनच उठवायचं.

पहिला नंबर मोडेमशी भांडला. बटण बंद, बटण चालू. डिस्क खोकली, थांबली. अण्णांनी कॉम्प्युटरच्या पेटीवर हलकी थाप मारली, तशी फिरली. आमच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची हिंमतच नव्हती.

अण्णांनी मोडेमचा नंबर काढून घेतला, कार्डाला नवा दिला. पडद्यावर तोच प्रश्न: पुन्हा सुरू करायचं? हो की नाही?

अण्णांनी आधी पडद्यावरची मागची खिडकी उघडून वहिनींचा मोर बघितला. मी मोबाईल काढून फोटो घेऊ लागलो. पडद्यावर नुसती मान मावत होती.

"फोटूवर चादर विणत्यात व्हय बे?"

"अण्णा, 'नाही' म्हणा. शनिवारपर्यंत तरी दिसेल."

"आन शनवारी?"

मी मोबाईल खिशात घातला. अण्णा उठले, गजाला हात लावून आले आणि 'हो' दाबलं. काळा पडदा. बटण बंद. बटण चालू. डिस्क खोकली. थाप. पुन्हा थाप. मग ती खोकेनाशीही झाली.

बराच वेळ अण्णा पेटीवर तळहात ठेवून बसले. मग म्हणाले, "नंबर बरोबर हुता बे. ह्या टायमाला नंबर बरोबर हुता."

शनिवारी भंगारवाल्यानं पेटी उचलली, तेव्हा अण्णा आले नाहीत. पुढे आपलं दुरुस्तीचं दुकान मिटवून ते हैदराबादला लेकीकडे गेले. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलतो. मोराचं कुणी काढत नाही.

हल्ली माझा लॅपटॉप येता-जाता विचारतो, पुन्हा सुरू करू? आता की नंतर? मुलगी ओरडते, "बाबा, दाबा की एकदाचं!"

मी उठतो, खिडकीच्या गजाला हात लावून येतो आणि 'नंतर' दाबतो.